भाऊजींच्या रंगाच्या बंदुका

बंदुकीवर माझ्या भाऊजींइतकं प्रेम करणारा आणि ती भाऊजींइतकी कमी झाडणारा माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल, हे मी अमरावतीच्या कोणत्याही चौकात उभा राहून सांगायला तयार आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बडनेरा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून. बुटकी मूर्ती, जाड भिंगांचा चष्मा, आणि कोटाच्या वरच्या खिशात, जिथे इतर कारकून पेन लावत, तिथे एरंडेलाची छोटी कुपी. जगात जे जे कुरकुरतं त्याला तेल दिलं की ते सुखी होतं, अशी त्यांची श्रद्धा होती. ताईला पाहायला आमच्या अकोल्याच्या घरी आले तेव्हा त्यांनी तिला ना स्वयंपाकाचं विचारलं, ना शिक्षणाचं. झोपाळ्याकडे बघत वडिलांना म्हणाले, "मामाजी, या झोपाळ्याच्या कड्यांले तेल देल्लं नाई वाटते बरेच दिवस." आणि उठून स्वतःच दिलं. वडिलांनी आईकडे पाहिलं. मुलगा बह्याड, म्हणजे अर्धवट आहे, हे त्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं. पण दाराआड ताई तोंडाला पदर लावून हसत होती, आणि पुढे तिला विचारलं तेव्हा तिने एवढंच सांगितलं, की ज्याला झोपाळ्याची दया येते तो बायकोला छळणार नाही.

छळलं नाहीच. मात्र लग्नाला फार दिवस झाले नसतील, तोच त्यांनी घरात ताईला दोन सवती आणल्या.

त्याचं असं झालं. अकोल्याला एक सर्कस आली होती, ती तिथेच डबघाईला येऊन मोडली. तिच्या सामानातली एक पत्र्याची पेटी बडनेऱ्याच्या गोदामात कितीतरी महिने बेवारशी पडून राहिली. लिलावात ती एका भंगारवाल्याने घेतली. त्याला पत्र्याशी मतलब होता. आत निघाली एक विदूषकाची टोपी, मेणाच्या वाळक्या लाल गोळ्या, आणि दोन जाडजूड नळीच्या बंदुका. सर्कशीतले विदूषक या बंदुकांनी एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारत असावेत. मेणाची पोकळ गोळी, जांभळाएवढी. आत रंग. अंगावर बसली की फुटणार, लागणार नाही, फक्त रंगवणार. बार नाही, दारू नाही. नळी मोडून स्प्रिंग चढवायची, चाप ओढला की आतला दट्ट्या सुटतो आणि हवेच्या जोराने गोळी बाहेर. भंगारवाला त्या तोडून लोखंडात घालणार होता. भाऊजींनी त्या मागून घेतल्या आणि टांग्यात मांडीवर ठेवून घरी आणल्या. ताई सांगायची, "मले लग्नानंतर आणलं तवा मी टांग्यात मांगं बसली होती, अन् ट्रंक यांच्या मांडीवर होती. या दोघी मात्र मांडीवर!"

त्या दिवसापासून आमच्या भाऊजींचा रविवार संपला. सकाळी चहा झाला की ओसरीवर जुनं वर्तमानपत्र अंथरायचं, दोन्ही बंदुका खोलायच्या, आणि उन्हं उतरेपर्यंत जोडायच्या. दोन बंदुका हे म्हणायला. चालायची त्यातली एकच, आणि तीही दुसरीच्या जिवावर. थोरलीचा स्प्रिंग मऊ पडला की धाकटीचा तिला, धाकटीची खीळ झिजली की थोरलीची तिला. एक धडधाकट असली की दुसरी आजारी, असा तो संसार होता. मी एकदा विचारलं, "भाऊजी, दोन्ही एकदम कधी चालतील?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "साळेबुवा, घरातले समदे एकाच वेळी बरे असलेले पायले का कधी तुमी?"

सगळं दुखणं दट्ट्याच्या तोंडावरच्या चामड्याच्या वॉशरचं. तो कोरडा पडला की हवा बाजूने निसटते आणि बंदूक नुसता उसासा टाकते. म्हणून तो एरंडेलात मुरवायचा. पण कोणतंही चामडं चालत नाही. फार जाड नको, फार पातळ नको, माणसाच्या कानाच्या पाळीसारखं हवं. त्यामुळे भाऊजींना लोकांच्या पायांकडे पाहायची सवय लागली. घरी पाहुणा आला की ते आधी त्याच्या चपला हातात घेऊन दाबून बघत, मग 'या, बसा' म्हणत. पाहुण्याला वाटे, काय हा विनय! माझ्या लग्नात मी नवे बूट पायात घालायला गेलो तर उजव्या बुटाची जीभच नाही. वरात दारात, वाजंत्री वाजतेय, आणि नवरदेव बुटात हात घालून जीभ शोधतोय. मी भाऊजींकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "वरून दिसत नाई ते. अन् चामडं काय आहे, वा! बूट घ्यावा तर असा." त्या वर्षी मात्र धाकटी, निदान ओसरीवर तरी, खरोखर बरी चालली.

दुसरं दुखणं हवामानाचं. मेण ही वस्तू देवाने वऱ्हाडासाठी केलेलीच नाही. उन्हाळ्यात बडनेऱ्याच्या उकाड्यात गोळ्या नळीतच विरघळायच्या आणि चाप ओढल्यावर तोंडातून लाळ गळावी तसा रंग टपकायचा. म्हणून उन्हाळ्यात गोळ्या पिण्याच्या माठाशेजारच्या ओल्या रेतीत. ताईच्या घरी मे महिन्यात पाणी प्यायलेल्या माणसाचे ओठ लाल व्हायचे आणि तिच्या सासरी विडे फार खातात, अशी ख्याती झाली. थंडीत उलटं. मेण कडक व्हायचं, गोळी नळीतच फुटायची, आणि रंग बाहेर जायचा सोडून मागे यायचा. डिसेंबरात आमच्या भाऊजींचा उजवा गाल कायम गुलाबी असे. ऑफिसातले लोक म्हणत, पार्सलबाबूंना थंडी मानवते.

दर धुळवडीला गल्ली जमायची. भाऊजी पांढरा सदरा घालून, बंदूक खांद्याला लावून अंगणात उभे राहायचे. समोर पोट्टे छाती काढून उभे. मोठा श्वास. चाप. आणि 'फुस्स'. गल्लीभर हशा. भाऊजी मात्र अजिबात ओशाळत नसत. बंदूक कानाला लावून दवाखान्यातल्या डॉक्टरसारखं ऐकत आणि जाहीर करत, "वॉशर ठीक हाये. खीळ ढिली हाये. पुढच्या साली पाहा." पोट्टे मोठे होऊन नोकरीला लागले, नवे पोट्टे आले, पण भाऊजींचं पुढचं साल काही येईना. बंदूक भरवशाची झाल्याशिवाय दुसरी गोळी झाडायची नाही आणि भरवशाची झाली की पुन्हा एकदा खोलून खात्री करायची, या दोन नियमांच्या मध्ये ती बिचारी अडकली होती.

ती भरवशाची ठरली ती एका दिवाळीनंतर, आणि त्याला कारण भाऊजींचे थोरले भाऊ.

हे दादा चांदूर बाजारच्या पुढे एका खेड्यात संत्र्याची बाग राखून होते. उंच, काळेसावळे, आवाज मोटेच्या चाकासारखा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. भाऊजी गाव सोडून रेल्वेत चिकटले ते दादांना कधीच रुचलं नव्हतं. भांडण असं नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. दिवाळीला भाऊजी आणि ताई जायची, दादा 'बसा' म्हणायचे, आणि स्वतः बागेत निघून जायचे. जेवायलाही एकटेच बसायचे, मागच्या ओट्यावर. बंदुकांचं त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते एकच वाक्य बोलले होते, "वावर सोडलं, अन् खेळणे घेतले."

त्या वर्षी मी, मास्तर होतो त्या अकोल्याच्या शाळेला सुट्टी म्हणून ताईबरोबर गेलो होतो. आंबिया बहार धरलेला, झाडं संत्र्यांनी वाकलेली. आणि बागेत वांदरं. काळ्या तोंडाची, लांब शेपटांची, आख्खी टोळी. एक संत्रं खायचं आणि दहा चावून फेकायची. राखणदार डबे वाजवून थकला होता. वांदरं आता डब्याच्या तालावर खात. दादांनी अचलपुरातल्या एका शिकाऱ्याला सांगावा धाडला होता.

भाऊजी घाबरून म्हणाले, "दादा, वांदर मारता?"

"मारुतीची माफी मागून घेतली म्या," दादा म्हणाले. "तो बाग राखाले येत असन तर सांग."

भाऊजींनी कोपऱ्यातल्या अंथरुणाच्या वळकटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी राखतो. शिकाऱ्याले आठ दिवस थांबाले सांगा."

"तू? कायनं?"

भाऊजींनी अंथरुणाची वळकटी सोडली. आत दोघी होत्या. ताईने कपाळावर हात मारून घेतला. तिला वाटलं होतं, वळकटीत गादी आहे.

दादा हसले नाहीत, हेच फार झालं. भाऊजी अमरावतीला जाऊन रंग घेऊन आले. तिथला एक म्हातारा मुसलमान रंगारी त्यांच्या ओळखीचा होता. धुळवडीला ते त्याच्याकडून कच्चा रंग नेत. या वेळी पक्का मागितला. रंगाऱ्याने कशासाठी ते विचारलं नाही. नुसतं सांगितलं, "बाबूजी, कपडा फट जाएगा, ये रंग नहीं जाएगा." भाऊजी खूश. रंग पक्का बसला, की कोणतं वांदर येऊन गेलं ते कळेल, आणि एकदा रंगलेलं वांदर धसक्याने पुन्हा येणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. मेणात थोडी राळ घातली म्हणजे थंडीत गोळी नळीतच फुटणार नाही. गोळ्या सदऱ्याच्या आत पोटाशी ठेवल्या, ऊब राहावी म्हणून. नळीला ताईची शाल गुंडाळली. ताई कुडकुडत म्हणाली, "बाईले नाई, बंदुकीले शाल!"

सकाळी टोळी आली. पुढे तिचा हुप्प्या, दांडगा, बांधावरून राजासारखा चालत. भाऊजींनी नेम धरला. मी डोळे मिटले, कारण मला तो 'फुस्स' पाठ होता. पण आवाज आला 'टप्प'. डोळे उघडले तर हुप्प्याची पाठ खांद्यापासून शेपटीपर्यंत लालभडक. तो केवढ्याने दचकला! उडी मारून टोळीत शिरला, आणि टोळी त्याला पाहून किंचाळत पळाली. हा त्यांच्यामागे, ती याच्यापुढे. नाल्यापलीकडे, टेकडीकडे, दिसेनाशी झाली. एका गोळीत बाग मोकळी.

भाऊजी बंदुकीकडेच बघत होते. वांदरांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "चालली," ते म्हणाले. "पायलं का साळेबुवा? चालली!" गावातले लोक पाहायला आले. राखणदाराने बंदुकीला हळद-कुंकू लावलं. दादा काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी निवडून पाटीभर संत्री ताईच्या पुढ्यात आणून ठेवली, आणि हे त्यांच्या बाजूने भाषणच होतं.

दुसऱ्या दिवशी हुप्प्या परत आला. एकटा. बागेत शिरला नाही. विहिरीजवळच्या कडुनिंबावर बसला, पाठ आमच्याकडे करून. दुपार झाली, तो हलला नाही. तिसऱ्या दिवशीही तिथेच. टोळी टेकडीवर दिसे. हा तिकडे निघाला की ती किंचाळून दूर सरके, आणि हा पुन्हा येऊन निंबावर बसे. राखणदाराने त्याच्याकडे भाकर फेकली. तीही त्याने खाल्ली नाही.

भाऊजींचं जेवण सुटलं. ताटावर बसत, भाताशी चाळा करत, आणि उठून विहिरीकडे जात. "म्या त्याले जातीबाहेर केलं," ते मला म्हणाले. "रंग पक्का हाये ना. जाईन कसा?" एरवी बंदुकीवर तोंडसुख घेणारी ताई त्या दिवशी थट्टा करेना. तिने चुलीवर मोठ्या पातेल्यात रिठे आणि शिकेकाई उकळायला ठेवली. भाऊजींनी विचारलं, "हे काय?"

"त्याले विहिरीवर आणून न्हाऊ घालता येत नाई," ताई म्हणाली, "तं पाणीच धाडा त्याच्याकडे. हाये ना तुमची बंदूक!"

मग जे झालं ते मी पाहिलं नसतं तर माझाही विश्वास बसला नसता. ताई आणि मी गोळ्या ओतायला बसलो. रंगाऐवजी आत रिठ्याचं पाणी. भाऊजींनी दोन्ही बंदुका रात्रीच खोलून, तेल देऊन, जोडून ठेवल्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघी एकदम बऱ्या होत्या. एक भाऊजींनी झाडायची, तोवर दुसरी मी भरून द्यायची. टप्प. हुप्प्या दचकून उडायचा, दात दाखवायचा, पाठ ओली झाली म्हणून खाजवायचा, चोळायचा, चाटून तोंड वाकडं करायचा. मग पुन्हा बसला की पुन्हा टप्प. इतक्या वर्षांत धुळवडीला एकदाही न चाललेल्या त्या बंदुका त्या दिवशी एकदाही चुकल्या नाहीत. भाऊजींच्या कपाळावर घाम, चष्म्यावर वाफ. "सरक ना जरासा, बाप्पा," ते झाडाकडे पाहून विनवत होते, "डावा खांदा राह्यला!" दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. लाल उतरून शेंदरी झाला, शेंदरीचा गुलाबी. गुलाबीच्या पुढे काही जाईना.

त्या संध्याकाळी एक म्हातारी वांदरीण टेकडी उतरून आली. बांधावर थांबली, बराच वेळ बघत राहिली. मग कडुनिंबावर चढली, त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली. आम्ही श्वास धरून होतो. ती जरा सरकली. आणखी जरा सरकली. आणि शेवटी हात पुढे करून त्या गुलाबी पाठीवरच्या उवा वेचू लागली.

भाऊजींनी बंदूक खाली ठेवली. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पण पुसायचे होते ते डोळे. मागे दादा कधी येऊन उभे राहिले होते ते आम्हाला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आख्खी टोळी बागेत हजर. पुढे आपला गुलाबी राजा. भाऊजींना हाक मारत दादांचा आवाज शिवारभर घुमला. "बापू! बागेचा राखणदार हायेस का वांदराचा? गेलेले वांदरं न्हाऊ घालून परत आणले तुनं!"

भाऊजी खाली मान घालून उभे राहिले. "दादा, बोलवा शिकाऱ्याले. माह्याच्यानं आता होत नाई. पण मी गेल्यावर बोलवा."

दादा ताडताड निघून गेले. दिवसभर दिसले नाहीत. ताईने सामान बांधलं. संध्याकाळी आम्ही पुढच्या ओसरीत जेवायला बसलो, तर दादा मागच्या ओट्यावरून आपलं ताट हातात घेऊन आले आणि भाऊजींच्या शेजारी मांडी घालून बसले. ताई वाढायची थांबली. दादांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो हातातच ठेवून म्हणाले, "शिकारी नाई येत. नाल्याकडची ओळ सोडून देल्ली त्यायले. खाऊ दे." मग ताटाकडेच पाहत, त्यांच्या त्या चाकासारख्या आवाजात जितकं हळू बोलता येईल तितकं हळू, "एकट्यानं बसणं लय वाईट असते, बापू. मले मालूम हाये."

भाऊजींनी आपल्या ताटातलं वांग्याचं भरीत उचलून दादांच्या ताटात वाढलं. एवढंच. पण आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो नाही, सुट्टी संपेपर्यंत राहिलो, आणि दादा रोज पुढच्या ओसरीत जेवले.

नाल्याकडच्या ओळीवर वांदरं समाधानी राहिली असं मात्र कोणी समजू नये. ती पुढेही सगळी बाग फिरत. दादा पुढेही ओरडत. पण आता ओरडताना "तुहा गुलाबी कुठी गेला बापू, बोलाव त्याले" असं म्हणत, आणि त्यात रागापेक्षा दुसरंच काही असे. भाऊजी दर सुट्टीला जाऊ लागले. धुळवडीला गल्लीतल्या पोट्ट्यांनी आग्रह केला तर ते म्हणत, "चालते ती. म्या पायलं हाये," आणि काढत नसत. नोकरी संपल्यावर बडनेऱ्याचा क्वार्टर सोडून ताई आणि ते बागेतच राहायला गेले.

मी त्यांना दोघांना एकत्र शेवटचं पाहिलं ते एका माघातल्या दुपारी. दादा आता फार थकले होते, आवाज घोगरा झाला होता. ओसरीवर उन्हाचा पट्टा, त्यात वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर धाकटी खोललेली. भाऊजींचे हात थरथरत होते, म्हणून काढलेले स्क्रू घरंगळून हरवत. त्यावर तोड निघाली होती. दादा शेजारी भिंतीला टेकून बसलेले, आणि त्यांच्या हातात डब्याचं झाकण. भाऊजी स्क्रू काढून त्यात टाकत, आणि लागला की दादा तो उचलून देत. "हा?" "हा नाई, लहान." "हा?" "हाव." एवढाच त्यांचा संवाद. मी ताईजवळ चहा घेत बसलो. थोड्या वेळाने 'हा?' ऐकू येईना, म्हणून वळून पाहिलं. दादांना झोप लागली होती. मान छातीवर, पण झाकण दोन्ही हातांत घट्ट धरलेलं. भाऊजींचा हात स्क्रूसाठी पुढे झालेला होता. मी उठून झाकण घ्यायला निघालो, तर त्यांनी दुसऱ्या हाताने मला खूण केली.

"राहू द्या साळेबुवा," ते हळूच म्हणाले. "झोपू द्या त्याले. आपल्याले कोणती गाडी पकडाची हाये?"

आणि उघडी बंदूक मांडीवर घेऊन, पुढे केलेला हात मागे घेत, दादा जागे होण्याची वाट पाहत ते बसून राहिले. ऊन ओसरीवरून हळूहळू खाली उतरत होतं.